औंदा पट भरते का?

गोंदिया जिल्ह्यात शंकरपटाचा हंगाम जाहीर करणारं कोणतंही मंडळ नाही. वेळापत्रक कुठे छापून येत नाही, संघांची यादी नाही, की पत्रकार परिषद नाही. तरी भारी धान कापून झालं, बांध्या मोकळ्या पडल्या आणि सकाळी धुकं बसायला लागलं, की आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत कुणालाही विचारा, पुढच्या दोन महिन्यांत कुठे कुठे पट आहे हे तो बोटांवर मोजून सांगेल. ही माहिती पसरते ती गुरांच्या बाजारात, मंडईत, सोसायटीच्या धान खरेदीच्या रांगेत आणि खर्रा घोटत बसलेल्या पारावर.

सुरुवात बहुधा एकाच प्रश्नाने होते.

"काय जी भाऊ, औंदा तुमच्या गावी पट भरते का?"

"भरते जी. पन कागद नाही आला अजून."

कागद म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. तीस वर्षांपूर्वी या संभाषणात ‘कागद’ नव्हता. तो कसा आला आणि त्याने पटाच्या गप्पांचा विषयच कसा बदलला, हे या प्रकरणात पाहायचं आहे. त्याआधी खेळ काय आहे ते थोडक्यात.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलका, दोन चाकांचा छकडा, त्याला जुंपलेले दोन बैल आणि वर एकच माणूस, धुरकरी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, म्हणजे गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात, शेजारी-शेजारी दोन दानी तयार करतात आणि दोन जोड्या एकाच वेळी सोडतात. दान म्हणजे जोडी धावते ती सपाट केलेली पट्टी. पुढे येईल ती जिंकली, हरलेली घरी गेली. पश्चिम विदर्भात अनेक ठिकाणी एका वेळी एकच जोडी धावते आणि घड्याळ तिचे सेकंद मोजतं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथे स्त्रियाही धुरकरी म्हणून उतरतात. पुणे जिल्ह्यातला बैलगाडा घाटावर चढतो, सांगली-साताऱ्याकडे छकडीची मैदानं भरतात. बैल तेच, पण खेळ वेगळे. पुण्याच्या गाडामालकाला झाडीतला पट दाखवला तर तो पहिल्यांदा विचारेल की घाट कुठे आहे.

आता हंगामाआधीच्या बातम्यांकडे येऊ. सगळ्यात मोठी बातमी असते जोडी फुटल्याची. मागच्या वर्षी ज्या जोडीने चार पट मारले, तिच्यातला एक बैल मालकाने विकला, किंवा भागीदारांचं बिनसलं आणि दोघांनी एकेक बैल वाटून घेतला. पटशौकिनांच्या दृष्टीने ही घटना लहान नाही. जोडी म्हणजे दोन चांगल्या बैलांची बेरीज नसते. एक बैल डाव्या अंगाला पळणारा, दुसरा उजव्या. एक सुटताना जोर मारतो, दुसरा शेवटाला ताणतो. उजवीकडे पळायची सवय असलेला बैल डावीकडे जुंपला तर तो जोडीदाराला ढकलत नेतो आणि छकडा सरळ राहत नाही. म्हणून नवा बैल आणला तर पहिला प्रश्न त्याच्या किमतीचा नसून बाजूचा असतो. गोंदिया जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशाचा बालाघाट आणि पूर्वेला छत्तीसगडचा राजनांदगाव. बैलाला राज्याची सीमा कळत नाही आणि शौकिनांनाही ती फारशी मान्य नाही, त्यामुळे ‘तिकडचा’ एखादा बैल इकडे आला की त्याची कीर्ती त्याच्याआधी पोचलेली असते.

दुसरी बातमी दातांची. बैलाचं वय दातांवरून ओळखतात. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की दुधाचे दोन दात पडून पक्के येतात आणि तो दोनदाती होतो. मग चारदाती, सहादाती, आणि आठही दात आले की जुळला. दोनदाती असताना चमकलेला गोऱ्हा पुढच्या हंगामात चारदाती होऊन कसा निघेल, यावर तासन्‌तास बोलता येतं, आणि बोललं जातंच. खुराक काय चालू आहे, चण्याचं भरडं किती, ढेप किती, पहाटे कोण फिरवतो, तळ्यात पोहवतात का, हे सगळं मालक लपवतो आणि त्याचा गडी सांगतो. पोळ्याला बैल सजून तोरणाखाली आला तेव्हाच जाणत्यांनी त्याच्या खांद्याची आणि पुठ्ठ्याची नोंद घेतलेली असते. हंगाम कार्तिकानंतरचा असला तरी चाचपणी श्रावण संपतानाच सुरू होते.

तिसरी बातमी धुरकऱ्याची. नाणावलेला धुरकरी एका मालकाला बांधलेला असतोच असं नाही. औंदा तो कुणाच्या छकड्यावर उभा राहणार, यावर काही जोड्यांचं नशीब फिरतं.

आणि मग नियम. इथे आवाज चढतात.

झाडीतल्या पटाचे बरेचसे नियम कुठे लिहिलेले नाहीत. ते पंचांच्या तोंडी असतात आणि गावागणिक थोडे बदलतात. धुरकरी मध्येच पडला आणि जोडी एकटीच रेघ ओलांडून गेली, तर ती जिंकली का? एका दानीतली जोडी दुसरीत शिरली आणि दोन्ही छकडे अडले, तर दोष कुणाचा, आणि पुन्हा सोडायचं की बाद करायचं? झेंडी पडायच्या आधी सुटलेल्या जोडीला किती वेळा मागे बोलवायचं? गावगटात बाहेरच्या गावचा एक बैल चालतो का? मागच्या वर्षी एखाद्या पटात यांपैकी काही घडलेलं असतं, निकालावर भांडण झालेलं असतं, आणि त्या एका निकालाचा कीस औंदाचा पट भरेपर्यंत पाडला जातो. भोंग्यावर पंच काय बोलले होते ते शब्दशः सांगणारे चारजण असतात आणि चौघांचे शब्द वेगळे असतात.

हंगाम तोंडावर आला की नियमांवर बोलायची ही खोड फक्त आपलीच नाही. अमेरिकेतला बेसबॉलचा रसिक फेब्रुवारीत हेच करतो. तिथल्या मुख्य लीगचे ३० संघ फेब्रुवारी-मार्चमध्ये सरावाला उबदार राज्यांत जातात, १५ फ्लोरिडात आणि १५ ॲरिझोनात, आणि तिकडे खेळाडू अंग मोकळं करत असताना इकडे चाहते नव्या नियमांवर वाद घालतात. २०२३ साली त्यांना वादाला भरपूर खाद्य मिळालं. सामने फार लांबतात म्हणून चेंडू टाकणाऱ्यामागे घड्याळ लागलं: मैदानात धावणारा नसेल तर १५ सेकंद, असेल तर २०. फलंदाजानेही वेळेत सज्ज व्हायचं, नाहीतर फुकटचा स्ट्राइक. सराव सामने सुरू होऊन एकच दिवस झाला होता. २५ फेब्रुवारीला अटलांटा आणि बोस्टन ६-६ असे बरोबरीत, शेवटचा डाव, तिन्ही तळांवर माणसं, आणि एका चेंडूवर सगळं ठरणार अशी वेळ. अटलांटाचा फलंदाज वेळेत सज्ज झाला नाही. पंचाने स्ट्राइक दिला, तो बाद झाला, सामना तिथेच बरोबरीत संपला. चेंडू टाकलाच गेला नाही. त्यावर जो गदारोळ झाला तो झाडीतल्या कुठल्याही पाराला शोभला असता. पण नियम टिकला, आणि नऊ डावांच्या सामन्याचा सरासरी वेळ त्या हंगामात तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला.

फरक एवढाच की तो नियम खेळ चालवणाऱ्यांनीच केला होता. शंकरपटाचा नियम दिल्लीहून आला, आणि आधी तो नियम नव्हताच, ती थेट बंदी होती.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा. त्यात करमणुकीसाठी कोणते प्राणी वापरता येणार नाहीत हे अधिसूचनेने ठरवायची सोय आहे. अस्वल, माकड, वाघ आधीच त्या यादीत होते. ११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्यात बैलवर्गाची भर घातली. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राने शर्यती बंद करण्याचा आदेश काढला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर एकत्र ऐकलं गेलं. ७ मे २०१४ ला न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांनी दोन्हींवर बंदी कायम केली. घोडा धावण्यासाठी घडला आहे, बैलाची शरीररचना तशी नाही, त्याला धावायला लावायचं तर त्रासच द्यावा लागतो, असा त्या निकालाचा एक मुख्य मुद्दा होता.

पटशौकिनांना हा मुद्दा फार लागला. आमचा बैल न मारता पळतो, असं प्रत्येक मालक सांगत होता. काही बैल तसे पळतातही. पण खरं बोलायचं तर टोकाला आर बसवलेली काठी, जिला इकडे तुतारी म्हणतात, ती पटात सर्रास दिसायची. शेपूट पिळणं हाही जुना प्रकार. हे काही कोर्टाने कल्पनेने उभं केलेलं चित्र नव्हतं. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांना शेतीतलं काय कळतं, हा पारावरचा टोमणा सोपा होता, पण तुतारीचं उत्तर त्यात नव्हतं.

मग दहा-बारा वर्षं प्रत्येक हंगामाआधीची बातमी एकच राहिली: कोर्टात काय झालं? गावातला पेपर वाचणारा माणूस अचानक महत्त्वाचा झाला. ७ जानेवारी २०१६ ला केंद्राने सवलत देणारी नवी अधिसूचना काढली. मकर संक्रांत आठवड्यावर होती. पाच दिवसांनी, १२ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ च्या जानेवारीत तमिळनाडूने जल्लिकट्टूसाठी कायदाच बदलला, त्यामागोमाग एप्रिलमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली आणि राष्ट्रपतींची मान्यता मिळून ती ऑगस्टमध्ये लागू झाली. या दुरुस्तीतली एक गोष्ट झाडीपट्टीला सुखावणारी होती. बैलगाडी शर्यतीची व्याख्या करताना कायद्याने ‘बैलगाडा शर्यत’ आणि ‘छकडी’ यांच्याबरोबर ‘शंकरपट’ हे नावही घेतलं. पण आनंद टिकला नाही. नियम तयार नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात अडवलं. नियम झाले, तरी ऑक्टोबरमध्ये बैलाच्या शरीररचनेचाच मुद्दा पुन्हा पुढे आला आणि परवानगी मिळाली नाही. बैल धावू शकतो का, यावर राज्याने तज्ज्ञांची समिती नेमून अहवालही करून घेतला. ज्याच्या गोठ्यात पटाचा बैल बांधलेला, त्याला या अहवालाचं हसू आलं असेल, पण न्यायालयात गोठा हजर करता येत नाही, अहवाल करता येतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सगळा विषय घटनापीठाकडे गेला आणि तिथे थांबून राहिला.

१६ डिसेंबर २०२१ ला न्या. अजय खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठाने, अंतिम निकाल लागेपर्यंत महाराष्ट्राला शर्यती घेण्याची मुभा दिली. बाकी राज्यांत चालू आहे तर इथेच बंद का, हा साधा युक्तिवाद चालला. डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. दानी साफ झाल्या, छकड्यांच्या धावा बसवल्या गेल्या. आणि जानेवारीत कोरोनाची तिसरी लाट आली, गर्दीवर निर्बंध आले. पुढचा पावसाळा संपतो न संपतो तोच लम्पी चर्मरोग. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यात गुरांची वाहतूक, बाजार आणि शर्यती रोखल्या गेल्या. कोर्ट मोकळं झालं तर माणसाचा रोग आला, माणसाचा रोग गेला तर बैलाचा आला.

अखेर १८ मे २०२३ ला न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवायचं काम विधिमंडळाचं, असं म्हणून न्यायालयाने त्या वादातून अंग काढून घेतलं. मात्र नियम काटेकोर पाळले गेले पाहिजेत असंही बजावलं. कायदा मोडून बैलाला त्रास दिला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तेव्हापासून ‘कागद’ हा शब्द पटाच्या गप्पांत कायमचा आला. आयोजकांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे आधी अर्ज करायचा, अनामत भरायची, बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा, धाव १००० मीटरांच्या वर नको. काठी, चाबूक, विजेचा झटका, उत्तेजक औषध, काहीही चालणार नाही. १००० मीटरची मर्यादा झाडीला कधी आडवी येत नाही, इथली धाव तिच्या कितीतरी आत संपते. दाखल्याचं तसं नाही. हंगामात एकाच आठवड्यात तालुक्यातल्या दोन-तीन गावांत पट असतील, बाहेरगावच्या जोड्या आदल्या रात्री टेम्पोतून उतरणार असतील, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात माणसं मोजकीच, तर सकाळी दानीशेजारी दाखल्यांची रांग लागते. म्हणून औंदा दाखला गावातूनच काढून आणायचा की इथे मिळेल, ही आता जोडी कोणती येणार याच्या बरोबरीची चौकशी झाली आहे.

काठीबंदीने खेळ मवाळ झाला, असं म्हणणारे जुने धुरकरी भेटतात. मला ते पटत नाही. तुतारी असताना वाईट धुरकऱ्याचंही निभावून जात होतं. आता कासरा, आवाज आणि तोल एवढंच हातात उरतं. जोडी सुटण्याआधी तिला शांत ठेवणं, झेंडीच्या क्षणी दोघांना एकदम उठवणं, छकड्यावर आपलं वजन कुठे टाकायचं ते धावता-धावता ठरवणं, हे ज्याला येतं तो आज उठून दिसतो. नियम सगळीकडे पाळला जातो असा दावा मात्र करता येणार नाही. दानीच्या सुरुवातीला पोलीस आणि पंच उभे असतात, मधल्या टप्प्यात गर्दीच्या आडून काय होतं ते गर्दीलाच माहीत.

इतका खटाटोप करून माणसं हे टिकवतात कशासाठी? बैल आता नांगराला फारसा लागत नाही, चिखलणी ट्रॅक्टर करतो. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या गोवंशातल्या नरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली दिसली. काम गेलेल्या जनावराला गोठ्यात ठेवायला कारण लागतं, आणि पट हे असलं तर एक कारण आहे. त्यामुळे जातिवंत बैल टिकतो हा समर्थकांचा युक्तिवाद खोटा नाही, पण तो थोड्या बैलांपुरता खरा आहे. ज्या शेतकऱ्याकडे पटाची जोडी नाही, त्याचा बैल पटाने वाचत नाही.

झाडीपट्टीत दुसरं कारण रात्रीचं आहे. इथे दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडच आहे. पाहुणे पटाला येतात, लेकी-जावई येतात, घरोघर जेवणं होतात आणि रात्री मंडपात झाडीपट्टी रंगभूमीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या नाटक कंपन्यांचं ठाणं. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ज्या वर्षी घटनापीठाचा निकाल आला त्याच वर्षी. पटाची तारीख ठरते तेव्हा खरं तर दोन तारखा जुळवाव्या लागतात, एक दानीची आणि एक कंपनीची. नावाजलेली कंपनी आधीच दुसऱ्या गावाने धरली असेल तर पट चार दिवस पुढे सरकतो, मग बैलमालक काहीही म्हणोत.

आता हंगामाआधीचा सगळ्यात ताजा वाद. झाडीत जोडीला जोडी भिडते. पटात ६४ जोड्या आल्या तर पहिला नंबर मारणाऱ्या जोडीला सहा वेळा धावावं लागतं, ३२ आल्या तर पाच वेळा. घड्याळावर तीच जोडी एकदा, फार तर दोनदा धावून मोकळी होते. धावण्यांमध्ये बैलाला विश्रांती द्यायची तर दिवस पुरत नाही, कारण माघ महिन्यात सूर्य लवकर कलतो आणि अंधारात छकडा सोडता येत नाही. बैलाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळ बरं, यात शंका नाही. तरुण पोरांना घड्याळ आवडतं, सेकंदाचे आकडे मोबाइलवर फिरवता येतात, तळेगावची जोडी आणि आमची जोडी यांची तुलना करता येते. जाणत्यांचं म्हणणं वेगळं. शेजारी दुसरी जोडी घासून पळत असते तेव्हा बैल जसा उठतो तसा तो एकटा असताना उठत नाही, आणि आम्ही काय आकडा बघायला येतो का जी? दोघांचंही खरं आहे. कायद्याला यात रस नाही. बैलाला कसं वागवायचं ते त्याने लिहून दिलं, पहिला नंबर कसा काढायचा ते पंचांवर सोडलं.

बऱ्याच गावांनी यावर आपल्यापुरता मार्ग काढला आहे: पट दोन दिवसांचा करायचा. पहिल्या दिवशी निम्म्या जोड्या, दुसऱ्या दिवशी उरलेल्या आणि शेवटच्या फेऱ्या, म्हणजे बैलाला मध्ये रात्रभर बसायला मिळतं. अडचण एवढीच की दोन दिवसांचा पट म्हटला की दोन रात्रींची नाटकं लागतात, आणि दुसऱ्या रात्रीसाठी चांगली कंपनी रिकामी आहे का हे विचारायला कुणीतरी पारावरूनच वडशाला फोन लावतो.